पैसे निपरवर घाला, बाकीची हत्यारं गावात मिळतात

प्लॅस्टिक मॉडेलसाठी ऑनलाइन मिळणारे ‘सगळं एकात’ छापाचे स्वस्त संच रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत एक पावसाळासुद्धा धड काढत नाहीत. कानशींचं पातळ प्लेटिंग कडेला उडतं, तिथून गंज धरतो आणि श्रावणापर्यंत निपरचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीतून मॉडेलचे पार्ट कापून काढायच्या छोट्या पक्कडीचा, सांधा आखडतो. शिवाय संचातली निम्मी हत्यारं कधी हातात घ्यावी लागत नाहीत. खरी गरज चारांची: निपर, सुरी, चिमटा, कानस. त्यातला निपर तेवढा बाहेरून मागवा.

वायरमनच्या साइड कटरची पाती दोन्ही अंगांनी उतरती असतात. तो प्लॅस्टिक कापतो कमी, चिमटतो जास्त. पार्टवर पांढरा डाग उठतो आणि टोकदार ठोंब मागे राहतो. तामिया या जपानी कंपनीचा ७४०३५ नंबरचा निपर बाहेरच्या अंगाने जवळजवळ सपाट आहे. ती सपाट बाजू पार्टकडे ठेवली की काप स्वच्छ येतो. पहिला चांगला निपर म्हणून हाच घ्यावा. गॉडहँड या दुसऱ्या जपानी कंपनीच्या एसपीएन-१२० निपरला धारेचं पातं एकच, समोरचं नुसतं टेकू. त्याचा काप बघत राहावा असा, पण पातं इतकं पातळ की जाड स्प्रूवर (पार्ट ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या दांडीवर) चालवलं किंवा कापताना मनगट पिळलं की टवका उडालाच. रंग देणार असाल तर एवढी चैन कशाला? डाग पॉलिश पेपरखाली जातोच.

कापायचं दोन टप्प्यांत. आधी पार्टपासून ३-४ मिमी लांब, तेही मोबाइल रिपेअरिंगच्या सामानात मिळणाऱ्या साध्या कटरने. म्हणजे ताण पार्टवर येत नाही. मग चांगल्या निपरने अर्धा मिमी ठेवून. उरलेलं सुरीने पापुद्र्या-पापुद्र्याने काढा आणि ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून याच क्रमाने फिरवा. एका फटक्यात सगळं कापायला गेलं की प्लॅस्टिक आत ओढलं जाऊन खड्डा पडतो, मग पुटीचं काम वाढतं. तारेला चांगला निपर लावायचाच नाही.

पार्सल आलं की निपर मिटून खिडकीच्या उजेडासमोर धरा. टोकांशी फट दिसली किंवा मुठी आडव्या हलवल्यावर सांधा डुगडुगला, तर परत पाठवा. तेल घालून तो सुधारत नाही.

सुरीसाठी सर्जिकल सामानाचं दुकान गाठा: ३ नंबरचा हँडल, ११ नंबरची पाती. कार्बन स्टीलला धार जास्त, पण फॉइल फोडलं की इथल्या हवेत गंजायला वेळ लागत नाही. जूननंतर स्टेनलेस बरं. पातं काढताना बोटं नकोत, पक्कड वापरा.

चिमटा आणि कानशी सोनारकामाचं साहित्य विकणाऱ्याकडे पाहा. तिथे बारीक ड्रिल बिटंही मिळतात. चिमटा जोरात दाबून बघा: टोकं एकमेकांवरून सरकली किंवा दाबल्यावर उघडली तर तो बाद. कानस बारीक दातांचीच घ्या. दातांत प्लॅस्टिक भरलं की ती घासत नाही, नुसती घसरते. आधी खडू चोळून ठेवला तर कीस पितळी ब्रशने सहज निघतो.

गंजाचं म्हणाल तर शिवणयंत्राचं तेल, सांध्यात एक थेंब आणि पात्यावर पुसट हात. खोबरेल घरात असतं म्हणून ते लावू नका. खवट होतं, चिकटतं आणि धूळ धरतं. चामड्याचं किंवा स्पंजचं पाकीट ओल धरून ठेवतं, तेही नको. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल पुरे. रंग बदलणारं जेल घेतलं तर कधी बदलायचं ते दिसतं. हत्यार पुन्हा वापरताना तेल कोरड्या फडक्याने पुसा, कारण पार्टवर तेल लागलं तर त्या जागी रंग धरत नाही.