बीएमपी-2: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव आणि एका मशीन गनची तक्रार

गेल्या रविवारी संध्याकाळी वॉर थंडर या ऑनलाइन युद्धखेळात ओळीने तीन मॅचमध्ये माझी बीएमपी-2, म्हणजे जवान वाहून नेणारी सोव्हिएत चिलखती गाडी, नष्ट झाली, आणि तिन्ही वेळा ती समोरच्या रणगाड्याच्या छतावरील 12.7 मिमी मशीन गनने नष्ट झाली. मुख्य तोफेचा गोळा लागून गाडी गेली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. चौदा टनांच्या गाडीने 105 मिमी तोफेपुढे टिकाव धरावा अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. परंतु ज्या मशीन गनकडे इतर रणगाड्यांत बसलेले खेळाडू ढुंकूनही पाहत नाहीत, ती बीएमपी-2 चालवणाऱ्यासाठी मैदानातील सर्वांत धोकादायक वस्तू ठरते, आणि ही गोष्ट कोणत्याही शिफारशीत मला वेळेवर वाचायला मिळाली नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

त्या तीन प्रसंगांपैकी पहिला फुल्दा गॅपच्या नकाशावरचा आहे. एका घराच्या भिंतीआड मी उभा होतो आणि सुमारे 120 मीटरवर एम-60 हा अमेरिकी रणगाडा होता. त्याने माझ्या सहकाऱ्यावर गोळा झाडला, आवाज ऐकताच मी हिशोब केला की पुढचा गोळा भरायला त्याला काही सेकंद लागणार, आणि तेवढ्या अवधीत त्याच्या बाजूच्या चिलखतावर 30 मिमीचा एक लांब फटकारा मारून पलीकडच्या झाडीत शिरता येईल. मी बाहेर पडलो. त्याची मुख्य तोफ हललीच नाही, मात्र कमांडरच्या डोक्यावरचा छोटा घुमट माझ्याकडे वळला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज आला, पडद्यावरच्या गाडीच्या आराखड्यात चालक लाल झाला, गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी थांबली, आणि दुसऱ्या फटकाऱ्यात गनरही गेला. तीनपैकी दोन माणसे गेली की या खेळात गाडी संपते, तशी ती संपली. त्याची तोफ अजून भरलेलीही नव्हती.

कारण सरळ आहे. बीएमपीच्या बाजूचे पोलाद साधारण 16 ते 18 मिमी आहे. ते रायफलच्या 7.62 मिमी गोळीसाठी पुरेसे आहे, परंतु 12.7 मिमीची चिलखतभेदी गोळी शंभर मीटरवरून 20 मिमीपेक्षा जास्त पोलाद भेदते. म्हणजे जवळच्या अंतरावर आडवी उभी राहिलेली बीएमपी आणि साधी मोटार यांत त्या मशीन गनच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही. अमेरिकी गटातील बहुतेक रणगाड्यांवर ही मशीन गन असतेच, आणि तिला गोळा भरण्यासाठी थांबावे लागत नाही.

याच्या अगदी उलट अनुभव मोठ्या गोळ्यांचा आहे, आणि तो मला पहिल्या महिन्यात चकित करून गेला. खऱ्या बीएमपी-2 मध्ये सात जवान बसतात, त्यांतले सहा मागच्या भागात. खेळात ती जागा रिकामी आहे. त्यामुळे एखादा घाईत असलेला खेळाडू गाडीच्या मध्यापासून मागे नेम धरतो, तेव्हा त्याचा लांब बाणासारखा गोळा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जातो आणि अनेकदा काहीच बिघडत नाही. असे दोन-दोन गोळे पचवून मी मॅच पूर्ण केल्या आहेत. अर्थात स्फोटक गोळा लागला तर दाबानेच आतली तिन्ही माणसे एकदम जातात, त्यावर उपाय नाही, आणि म्हणून त्याबद्दल मी तक्रारही करत नाही.

आता थोडे मागे जाऊन सांगतो. मी हा खेळ पूर्णपणे विनामूल्य खेळतो. प्रीमियमचे दिवस विकत घेत नाही, खास गाड्या विकत घेत नाही, आणि एक रुपयाही न घालता बीएमपी-2 पर्यंत पोहोचायला मला खूप संध्याकाळी खर्ची घालाव्या लागल्या. त्यामुळे दुरुस्तीत जाणारा प्रत्येक सिल्व्हर लायन, म्हणजे खेळातले चलन, मला दिसतो आणि खुपतो. या काटकसरीच्या सवयीचा माझ्या खेळावर वाईट परिणाम झाला हे प्रथम मान्य करतो. गाडीवर कोंकुर्स ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे फक्त चार मिळतात, म्हणून पहिले दोन महिने मी ती जपून ठेवत असे. अधिक मोठे, अधिक मोलाचे लक्ष्य समोर येईल या आशेने साध्या लेपर्ड-1 रणगाड्यावर मी क्षेपणास्त्र सोडत नसे. परिणाम असा की बहुतेक मॅचमध्ये चारही क्षेपणास्त्रे गाडीबरोबरच नष्ट होत. बचत शून्य, आणि दुरुस्तीचा खर्च पूर्ण.

क्षेपणास्त्र समजून घ्यायलाही मला वेळ लागला. कोंकुर्स तारेतून मिळणाऱ्या सूचनांवर चालते आणि ते लक्ष्यावर आदळेपर्यंत नेमाची खूण लक्ष्यावर धरून ठेवावी लागते. त्याचा वेग सेकंदाला सुमारे 200 मीटर आहे. म्हणजे आठशे मीटरवरच्या रणगाड्यासाठी चार सेकंद जागचे हलायचे नाही, आणि चार सेकंद हा या खेळात मोठा काळ आहे. वाटेत झाडाचा बुंधा आला तर क्षेपणास्त्र तिथेच संपते. परंतु ते लागले तर 600 मिमी पोलाद भेदण्याची त्याची ताकद समोरून येणाऱ्या बहुतेक रणगाड्यांना पुरून उरते. शिवाय क्षेपणास्त्राची नळी टरेटच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या भागाच्या, छतावर बसवलेली असल्यामुळे उंचवट्याआड जवळजवळ संपूर्ण गाडी लपवता येते. 30 मिमी तोफ मात्र पाच अंशांपेक्षा खाली झुकत नाही, म्हणून सिनाईसारख्या वाळूच्या उतारांवर तोफ वापरायची तर अर्धी गाडी बाहेर काढावी लागते.

तिसऱ्या महिन्यात मी याच गाडीबद्दल एक टिपण अर्धे लिहून ठेवले होते आणि त्याचा निष्कर्ष 'घेऊ नका' असा होता. ते टिपण आज मी मागे घेतो आहे. माझे मत बदलण्याचे कारण खेळात सापडले नाही, ते दिवाळीत घरी आलेल्या मामाकडून मिळाले.

मामा मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीतून, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळातून, निवृत्त झाला आहे. त्याचे प्रशिक्षण अहिल्यानगरला, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरला, त्या रेजिमेंटच्या केंद्रात झाले आणि पुढची बरीच वर्षे त्याने सारथ चालवली. आपल्याकडे मेदकच्या कारखान्यात 1987 पासून बनू लागलेल्या बीएमपी-2 चे हे नाव आहे. मी खेळत असताना तो मागे खुर्ची ओढून बसला, दोन मॅच काही न बोलता पाहिल्या, आणि मग विचारले, "अरे, जवान कुठे उतरवलेस?"

खेळात जवान नसतात हे मी सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "मग ही एकटी काय करणार? जवान उतरतात, ते पुढे जातात, ही मागून त्यांना आधार देते. रणगाडा शेजारी असतो. एकटी बीएमपी आम्ही कधी पुढे काढली नाही." त्यानंतर त्याने पडद्यावरच्या माझ्या गाडीच्या मागच्या दारांवर बोट ठेवले. "ही दारं पोकळ आहेत, आत डिझेल भरतात. शत्रूला पाठ दाखवायची नाही. आणि आडवी तर कधीच उभी करायची नाही. नाक समोर ठेव. नाकाचा पत्रा पातळ आहे, पण झोपलेला आहे."

झोपलेला पत्रा हे त्याचे शब्द माझ्या कायमचे लक्षात राहिले. बीएमपीच्या नाकाचा वरचा भाग केवळ 7 मिमी जाडीचा आहे, पण तो जवळजवळ 80 अंशांनी आडवा झुकलेला आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्या गोळीच्या वाटेत सुमारे 40 मिमी पोलाद येते आणि बहुतेक गोळ्या त्यावरून घसरून जातात. खालचा भाग 19 मिमीचा आणि तोही तिरका आहे. ज्या मशीन गनने मला बाजूने शंभर वेळा मारले, तीच मशीन गन समोरून जवळजवळ निरुपयोगी ठरते. मी सहा-सात आठवडे आकडे पाठ करत होतो, जाडीचे आकडे मला तोंडपाठ होते, परंतु तिरकेपणाचा विचार मी कधी केला नव्हता.

त्या दिवसानंतर मी खेळण्याची पद्धत बदलली. आता मी एकटा बाजूने वळसा घालून शत्रूच्या मागे जाण्याचा मोह टाळतो. गाडीचा वेग चांगला असल्यामुळे हा मोह सर्वांनाच होतो, आणि यश मिळाले की तो आणखी वाढतो, परंतु वळसा घालताना गाडीची संपूर्ण बाजू वाटेतल्या प्रत्येक मशीन गनला दिसत राहते. त्याऐवजी मी आपल्या गटातील एखादा टी-62 किंवा टी-64 रणगाडा निवडतो आणि त्याच्या मागे पन्नास-साठ मीटर अंतर राखून चालतो. त्याच्यासमोर कोण आले आहे ते स्काउट करून सगळ्यांना दाखवतो, कारण हलक्या गाड्यांना मिळणारी ही सोय आहे आणि तिचे गुणही मिळतात. शत्रूचा रणगाडा त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला की मी त्याच्या पट्ट्यावर आणि तोफेच्या नळीवर 30 मिमी झाडतो. नळी निकामी झालेला रणगाडा माझ्या सहकाऱ्याला काही करू शकत नाही, आणि तो मारला गेला तर त्यात माझाही वाटा नोंदला जातो.

तोफेबद्दल एवढे तरी लिहायलाच हवे की ती या गाडीचा खरा आधार आहे. पाचशे फैरी असतात, लेपर्ड-1 आणि एएमएक्स-30 यांच्या बाजूचे चिलखत ती सहज फोडते, आणि ती 74 अंशांपर्यंत वर उचलता येते. बीएमपी-1 ची 73 मिमी तोफ डोंगरमाथ्यापर्यंत उचलली जात नसे, आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांना ही उणीव चांगलीच भोवली होती. 1980 मध्ये सेवेत आलेल्या बीएमपी-2 ने ती उणीव भरून काढली. खेळात त्याचा लाभ हेलिकॉप्टर पाडताना होतो. झाडांच्या शेंड्यावर येऊन थांबलेले हेलिकॉप्टर मी आतापर्यंत अकरा वेळा पाडले आहे, आणि प्रत्येक वेळी मला मनापासून आनंद झाला आहे.

उणिवा अजून आहेत. थर्मल दुर्बीण, म्हणजे उष्णतेवरून अंधारातही दाखवणारी दुर्बीण, नसल्यामुळे रात्रीच्या मॅचमध्ये आपण आंधळे आणि समोरचा डोळस अशी स्थिती होते. मागे जायला एकच गियर आहे, आणि नाक शत्रूकडे ठेवण्याचा नियम पाळायचा तर माघार याच गियरने घ्यावी लागते, ती फार सावकाश होते. यावर धूर हा एकमेव उपाय आहे. टरेटवरील सहा धूरनळ्या आणि इंजिनातून निघणारा धूर या दोन्हींच्या कळा मी आता शेजारी शेजारी लावून घेतल्या आहेत. पहिल्या तीन महिन्यांत मी धूर क्वचितच वापरला आणि ती माझी चूक होती.

परंतु माझे लक्ष फिरून फिरून त्या मशीन गनवरच येते. गाडीत तीन माणसे आहेत आणि त्यांपैकी दोन टरेटमध्ये एकमेकांना खेटून बसलेली आहेत. बाजूने आलेल्या एका फटकाऱ्याला दोघेही सापडतात, आणि दोघे गेले की मॅच संपते. बीएमपी-1 मध्ये टरेटमध्ये एकच माणूस बसत असे. कमांडरला वर आणल्यामुळे त्याला चौफेर दिसू लागले, लढाईच्या दृष्टीने तो बदल योग्यच होता, पण खेळाच्या नियमांत तोच बदल गाडीला अधिक नाजूक करतो. ज्यांना ही गाडी घ्यायची आहे त्यांनी मैदानात उतरताना मुख्य तोफा मोजण्याआधी छतावरच्या मशीन गन मोजाव्यात, असे मी कळकळीने सांगतो.

मग गेल्या रविवारी तीनदा काय झाले, असे कोणी विचारेल. पहिल्या प्रसंगात मी नियम विसरलो. उरलेल्या दोन वेळी मला राग आला होता आणि रागाच्या भरात मी पुन्हा आडवा बाहेर पडलो. दुरुस्तीसाठी गेलेले सिल्व्हर लायन पाहून मी खेळ बंद करणार होतो, पण आणखी एक मॅच खेळलो. पुन्हा फुल्दा गॅपच आला. टेकडीच्या कडेला मी नाक समोर करून थांबलो, छतावरची नळी तेवढी वर काढली, आणि साडेसहाशे मीटरवरून एक एम-60 माझ्याकडे वळला. त्याच्या घुमटातून ठिणग्यांची रांग निघाली. गोळ्या नाकाच्या पत्र्यावर टणटण आदळून वर उडत होत्या आणि आराखड्यातली तिन्ही माणसे जशीच्या तशी होती. मी क्षेपणास्त्र सोडले आणि नेमाची खूण त्याच्या टरेटखाली धरून ठेवली. एक, दोन, तीन सेकंद. त्याची तोफ माझ्या रेषेत येत होती तेवढ्यात कोंकुर्स आदळले.

त्या मॅचमध्ये मी चारही क्षेपणास्त्रे वापरली आणि गाडी शेवटपर्यंत उभी राहिली. बीएमपी-3 साठी लागणारे गुण माझ्याकडे जमले आहेत, पण ती घेण्याची मला घाई नाही. मामा संक्रांतीला पुन्हा येणार आहे आणि ही मॅच मी त्याला दाखवण्यासाठी जपून ठेवली आहे.