बस स्टँडसमोरचं सेवा केंद्र: आरटीईच्या कामासाठी इथंच जा (5 पैकी 4 तारे)

धाकट्या भावाच्या पोरीचा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मिळणाऱ्या मोफत प्रवेशाच्या, सोडतीत नंबर लागला होता. मेसेज आला, तांड्यावर पेढे वाटून झाले, आणि तालुक्याला पंचायत समितीत कागदपत्रं तपासताना उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून अर्ज अपात्र ठरवला. तिथून आम्ही थेट या केंद्रात आलो. भावजय पायरीवरच रडत बसली.

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी काँप्युटरला हात लावायच्या आधी पोरीला पाणी दिलं. भावजयीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरीसमोर नंबर गेला म्हणू नका बाई. तिले वाटते आपलंच काही चुकलं." मग अर्जाची प्रत काढून ओळ न ओळ वाचली. आमचा अर्ज वंचित गटातून होता, विमुक्त जातीचा. 1 लाखाच्या आतल्या उत्पन्नाची अट आर्थिक दुर्बल गटाला असते. विमुक्त-भटके, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांच्याकडून उत्पन्नाचा दाखला मागायचाच नसतो, जातीचा लागतो. तो आम्ही जोडला होता.

भाऊ तर भांडायलाच निघाला होता. ताईंनी त्याला थांबवलं. "सकाळपासून त्या मॅडमसमोर गठ्ठे पडले आहेत भाऊ, नजरचूक झाली असंन. नियम दाखवा, मानतीन त्या." गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज टाईप करून दिला, नियमाची प्रत जोडून नेमक्या ओळीखाली रेघ मारली आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका म्हणून बजावलं.

त्याच आठवड्यात निर्णय बदलला. तपासणीच्या मॅडमनी भावजयीला स्वतः म्हटलं, "माझ्याकडून चूक झाली." पोरगी आता पहिलीत जाते, आठवीपर्यंत फी नाही. हे काम पंचायत समितीनं केलं हे खरं, पण आमच्या घरच्यांना त्या दिवशी सावरलं ते या ताईंनी. फॉर्म भरून देणारे पुष्कळ आहेत, माणसाकडं पाहणारं मी तालुक्यात दुसरं केंद्र पाहिलं नाही.

दरपत्रक भिंतीवर आहे, पावती न मागता मिळते. एक तारा कमी दिला कारण इन्व्हर्टर नाही, लाईन गेली की सगळं ठप्प. बाकडं एकच, लेकरू कडेवर घेऊन बाया उभ्या राहतात. झेरॉक्सही फिकट येते.

प्रवेशाच्या दिवसांत जायचं तर उघडताच जा. वडिलांचा जातीचा दाखला मूळ न्या, मोबाईलमधल्या फोटोवर काम होत नाही.