इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा): सेवा चांगली, पण आजारी पडायच्या आधी नाव नोंदवा

व्हिसाच्या अर्जासोबत हेल्थ सरचार्ज, म्हणजे एनएचएस वापरण्यासाठीचं शुल्क, भरला (मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थी आणि १८ वर्षांखालच्यांना ७७६) की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. तातडीचं दुखणं सोडलं तर इथे बहुतेक सगळं जीपी, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरमार्फत चालतं. घर मिळालं की त्याच आठवड्यात, धडधाकट असतानाच, जवळच्या जीपीकडे नाव नोंदवून टाका.

नोंदणी मात्र खरंच सोपी आहे. ऑनलाइन किंवा जीएमएस१ फॉर्म भरून ती फुकट होते. पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट, व्हिसा, काहीही सक्तीचं नाही. काउंटरवर वीजबिल मागितलं तर हा नियम शांतपणे सांगा. नकार मिळालाच, तर त्याचं लेखी कारण १४ दिवसांत देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

घोळ होतो तो नावात. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. फॉर्मवर ते गाळलं, तर पुढे एनएचएस ॲपमध्ये पासपोर्टने ओळख पटवताना नोंदी जुळायला अडचण येते. पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहा.

औषधांच्या चिठ्ठीवर दर औषधामागे ९.९० पौंड पडतात. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा थायरॉइड कमी असल्यामुळे थायरॉक्सिन घेत असाल, तर चिठ्ठीवरची सगळीच औषधं फुकट, त्या आजाराची नसलेलीसुद्धा! आपल्या घराघरांत हे दोन आजार आहेत, तरी ही सवलत कितीतरी जणांना माहीत नसते. ती आपोआप लागू होत नाही. जीपीकडून एफपी९२ए फॉर्म भरून सर्टिफिकेट काढावं लागतं. ते नसताना सवलतीच्या चौकटीत टिक केली तर दंड भरावा लागतो. आणि भारतातून निघताना गोळ्यांचं ब्रँडनाव नव्हे, मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून आणा.

दुबळी बाजू म्हणजे ताटकळणं. जीपीने पुढे पाठवल्यावर १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं ठरलेलं आहे, पण कित्येकांना त्याहून जास्त थांबावं लागतं. घसा, कान, नागीण, बायकांचा साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींसाठी जीपीची वाट बघूच नका. फार्मसीतच तपासणी होते आणि गरज असेल तर अँटिबायोटिकही मिळतं. रात्री-अपरात्री काय करावं कळत नसेल तर १११ ला फोन करा, जिवावर बेतलं तर ९९९ ला. दुभाषा फुकट मिळतो, पण अपॉइंटमेंट घेतानाच मराठी हवा म्हणून सांगा. मुलांना दुभाषा बनवू नका.

आई-बाबा भेटीला येणार असतील तर सरचार्ज त्यांना लागू नसतो. जीपी आणि इमर्जन्सी विभाग फुकट, पण वॉर्डात दाखल केलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. म्हणून तिकिटासोबतच, जुने आजार कव्हर करणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा.