दाखल्यावरची ४ जून ही तारीख मी वाचली होती

दाखले आणि शाळेचा प्रवेश करून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने फसवलं, १९,२०० रुपये गेले. त्यातले १,८०० मुलीच्या जन्मदाखल्याचे, २,४०० उत्पन्नाच्या दाखल्याचे आणि १५,००० शाळेत 'सीट पक्की' करायचे. ७,८०० मोबाइलवरून पाठवले, ११,४०० रोख मोजून दिले आणि रोखीची पावती मागितली नाही. तीन आठवडे हे सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं, इतकी लाज वाटत होती. आता लिहितोय, कारण शेजारच्या वाडीतली दोन घरं त्याच माणसाकडे जाऊन आली, असं परवा कळलं.

मी वडाप रिक्षा चालवतो, म्हणजे सीटवर सवारी घेणारी. उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आमचं गाव. मुलगी यंदा पहिलीला. तिचा जन्म ३१ मे २०२० चा, बायकोच्या माहेरच्या आरोग्य केंद्रातला. लॉकडाउन चालू होता आणि बाळ-बाळंतीण घरी येऊन एक दिवस होतो न होतो तोच ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात ज्यांनी ते वादळ अंगावर घेतलं त्यांना मी वेगळं काय सांगणार. जन्माची नोंद करायला मी १९ जूनला स्वतः ग्रामपंचायतीत गेलो. तोवर लाइट आलेली नव्हती. ग्रामसेवकांनी रजिस्टरात हाताने लिहून घेतलं. बारसं व्हायचं होतं, म्हणून नावाचा रकाना कोरा राहिला. नंतर घालू, नंतर घालू म्हणता पाच वर्षं गेली. चूक आमचीच, कबूल आहे. पण नुसतं 'आळशी' म्हणून मोकळं होऊ नका. माहेरचं गाव दोन एसटी बदलून ४० किलोमीटर. दोनदा धंदा बुडवून गेलो, दोन्ही वेळा कार्यालयाला कुलूप. एका ग्रामसेवकाकडे तीन तीन गावं, आज कुठल्या गावात आहेत ते शिपायालाही माहीत नाही.

तर शाळेची वेळ आली आणि दाखल्यावर पोरीचं नावच नाही. तालुक्याला एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून बसलेल्या माणसाचं नाव चुलतभावाने सुचवलं. भाषा अशी गोड, की कोणालाही वाटेल आपलाच माणूस. "भाऊ, तुम्ही गाडी चालवा, कागदांचं टेन्शन माझ्यावर सोडा." १,८०० पाठवले. चाळीस मिनिटांत दाखला व्हॉट्सॲपवर. मी स्टँडवर नंबरला उभा होतो. पोरीचं नाव बरोबर, बायकोचं बरोबर, गावाचं बरोबर, खाली क्यूआर कोड. आणि त्याच्या वर, नोंदणी दिनांक: ०४/०६/२०२०.

ती तारीख मी वाचली. नीट वाचली. ४ जून २०२० ला मी काय करत होतो हे मला आयुष्यभर विसरता येणार नाही. सासरच्या अंगणातून रस्त्यापर्यंत फणस आडवा पडला होता, मी आणि मेहुणा सकाळपासून कोयतीने फांद्या तोडत होतो. हाताला फोड आले होते. ग्रामपंचायतीच्या छपराचे पत्रे समोरच्या मळ्यात जाऊन पडले होते. त्या दिवशी त्या कार्यालयात कोणी जन्माची नोंद केली असेल, हे शेंबडं पोरही मानणार नाही. आणि मी स्वतः १९ तारखेला तिथे उभा राहिलो होतो! मी त्याला फोन करून विचारलंही. म्हणाला, "सिस्टीम तीच तारीख घेते भाऊ, सगळ्यांचं तसंच येतं." मी गप्प बसलो. आणि त्याच संध्याकाळी त्याला पुढचे, शाळेच्या सीटचे, ६,००० पाठवले. रात्री झोपताना अजून ती तारीख डोळ्यासमोर येते. बायको म्हणाली होती, मामांना एकदा विचारा, ते रोज ग्रामपंचायतीवरून जातात. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांना काय विचारायचं, म्हणून मी विचारलं नाही.

क्यूआर स्कॅन करून पाहिला नव्हता का, असं लोक विचारतात. पाहिला होता. हुबेहूब सरकारी पान उघडलं, वर अशोकस्तंभ. पत्त्यात 'जीओव्ही डॉट इन' होतं, पण ते मधे होतं आणि शेवट डॉट कॉम. जन्मदाखल्याच्या खऱ्या सरकारी पानाचा पत्ता जीओव्ही डॉट इनवरच संपतो, पुढे तिरकी रेघ येईल ती वेगळी गोष्ट. स्कॅन केलात तर आधी पत्ता वाचा, पान नंतर.

आता ते १५,०००. खासगी इंग्रजी शाळेत आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना २५ टक्के जागा असतात हे सगळ्यांना माहीत आहे. २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. या माणसाने त्याच गोंधळाचा वापर केला. "कोर्टामुळे उघड लॉटरी नावाला राहिलीय, खऱ्या सीट ऑफिस कोट्यातून जातात. थोडे आधी, बाकीचे मेसेज आल्यावर." असा कोणताही कोटा नाही. फॉर्म सरकारी पोर्टलवर फुकट भरायचा असतो, सोडत राज्यपातळीवर संगणकावर निघते, निवड झाली का ते आपला अर्ज क्रमांक टाकून आपणच बघायचं. मेसेजवर विसंबू नका असं शिक्षण विभाग स्वतः सांगतो. मी विसंबलो. 'आपल्या पाल्याची निवड झाली आहे' असा मेसेज आला, तोही साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून, आणि उरलेले ९,००० मी त्या टेबलावर रोख ठेवले. पोरीला दप्तरही घेऊन दिलं त्या दिवशी.

उत्पन्नाच्या दाखल्याचे २,४०० तर निव्वळ लुबाडले. आम्ही कुणबी, इतर मागासवर्ग. माझा जातीचा दाखला घरात आहे. वंचित घटकाला आरटीईसाठी उत्पन्नाची अट नाही, एक लाखाची मर्यादा आहे ती खुल्या वर्गातल्या दुर्बल घटकाला. हे मला शाळेतल्या क्लार्कने सांगितलं, तेव्हा सगळं उरकून गेलं होतं.

शाळेच्या यादीत पोरीचं नाव नव्हतं. त्याने दिलेला अर्ज क्रमांक टाकला तर दुसऱ्याच कुठल्या मुलाचा निघाला. आमचा फॉर्म भरलाच नव्हता. फोन बंद. झेरॉक्सवाला म्हणतो, "मी फक्त टेबल भाड्याने दिलं होतं."

मग सुरू झाल्या फेऱ्या. शिक्षणाच्या कार्यालयात गेलो. तिथल्या मॅडमनी माझं निम्मंच ऐकलं, दाखला हातात घेतला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "हा खोटा आहे. गुन्हा तुमच्यावरच होऊ शकतो." फसलेला मी, पैसे गेले माझे, आणि गुन्हेगार मी? त्यांच्या कचेरीपासून शंभर पावलांवर हा माणूस महिनाभर बसला होता, 'आरटीई प्रवेश' अशी पाटी लावून. रोज जाता-येता कोणालाच दिसली नाही ती पाटी? पोलीस ठाण्यात गेलो, तर रोखीचा पुरावा काय, आणि मोबाइलवरून दिलेत ते सायबरचं प्रकरण. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, तर पैसे गेल्याला २३ दिवस झालेले, खात्यात काही उरलेलं नाही. फसवणूक कळल्या मिनिटाला १९३० फिरवा, भावाला नंतर सांगा, बायकोला नंतर सांगा. पुन्हा ठाण्यात गेलो, साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो, "हा व्यवहार तुमच्या दोघांतला आहे." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, मी कागदावर लिहून नेलं होतं. हवालदार म्हणाला, "कायदा आम्हाला शिकवू नका." चार फेऱ्या, म्हणजे चार दिवसांचा धंदा. शेवटी साधा अर्ज घेतला, गुन्हा नाही. पोच मागितली तर त्यासाठी अर्धा तास उभं केलं. पोच मात्र सोडू नका, शिक्का आणि तारीख बघून घ्या.

खरं काम किती होतं ते ऐका. सोमवारी मामांना घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. आधी फोन करून ग्रामसेवक आहेत याची खात्री केली, एवढंच. रजिस्टर दहा मिनिटांत सापडलं. निळ्या बॉलपेनने १९ जून २०२०, पाण्याने थोडं पसरलेलं, आणि खाली माझी सही. नाव नोंदीनंतर वर्षभरात घालायला फी लागत नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. ते मी पावतीवर भरलं. ज्यांच्या पोरांच्या दाखल्यात नाव नाही त्यांनी जन्म जिथे झाला तिथल्याच कार्यालयात जा, दुसरीकडून कोणी देतो म्हणाला तर तिथून उठा. आधारचंही बघून घ्या, पाच वर्षं झाली की बोटांचे ठसे द्यावे लागतात, सात वर्षांच्या आत त्याला पैसे नाहीत.

आणि वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला तर यातलं काहीच अडलं नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कायद्यातच आहे. गुरुजींनी अंगणवाडीचं रजिस्टर बघितलं आणि नाव लिहून घेतलं. पहिलीत सहा मुलं आहेत, सातवी आमची. इंग्रजी शाळेचं दप्तर घेऊन तिथेच जाते.

माझा अर्ज ठाण्यात पडून ५१ दिवस झाले. काल एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीतून सवारी घेऊन चाललो होतो. तोच माणूस, दुसऱ्या दुकानात, तेच टेबल. समोर एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, हातात नोटा. सवारी तशीच ठेवून मी रिक्षातून उतरलो आणि आधी तिच्याकडे गेलो.