देवबागच्या रिसॉर्टवर सात महिन्यांत तीन मुक्काम: समुद्राआधी नळाचं पाणी विचारा

मे महिन्यातल्या मुक्कामाची पहिली सकाळ. आप्पांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "मीठ कुणी टाकलंय रं ह्यात?" कुणीच टाकलं नव्हतं. विहिरीचंच पाणी तसं झालं होतं.

पहिल्यापासून सांगतो. गेल्या नोव्हेंबरात दिवाळी उरकल्यावर आम्ही सहा जण, म्हणजे आप्पा, आई, आम्ही दोघं आणि दोन पोरं, मालवणजवळ देवबागला गेलो. रिसॉर्टचं नाव देत नाही. माणसं चांगली आहेत आणि खाली लिहिलेल्या तक्रारी त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी लागू पडतील. मग फेब्रुवारीत मेहुण्याचं कुटुंब घेऊन परत गेलो आणि मेच्या सुट्टीत तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा खोली तीच, पाच नंबर. एकदा राहून लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

कोल्हापुरातून एकदा गगनबावड्याच्या वाटेनं वैभववाडी, तळेरे, कणकवली, कसाल करत गेलो, दोनदा राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून. लहान पोरं असतील तर दुसरी वाट घ्या. दाजीपूरच्या झाडीत थांबून भडंग खाता येतं, ओकाऱ्याही कमी होतात. चहापाण्यासह साडेचार तास धरा.

देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की दोन्हीकडचं पाणी जवळच असतं. टोकाला संगम. बोटवाले तिथून डॉल्फिन बघायला आणि त्सुनामी आयलंडवर नेतात. पोरांना ते आवडलं. मला वाळूच्या त्या उंचवट्यावर भजी खाण्यापलीकडं फारसं काही सापडलं नाही.

खोली कौलारू, स्वच्छ, पुढं ओटा. 'सी-फेसिंग'चे रात्रीला पंधराशे जादा घेतात. समोर सुरूची दाट रांग आहे, समुद्र ऐकू येतो, दिसत नाही. मागच्या खोल्या घ्या, चाळीस पावलं चालायला काय होतंय. वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, एसी नाही. खाऱ्या वाऱ्यानं दाराची कडी नोव्हेंबरात जरा कुरकुरत होती, मेमध्ये आईला ती उघडेचना. आणि पायऱ्या! बाथरूमला दीड फूट उंच उंबरा कुणाच्या डोक्यातून निघाला कुणास ठाऊक. आईच्या गुडघ्यांसाठी तिसऱ्या वेळी पाट मागून घेतला.

आता पाणी. नोव्हेंबरात आंघोळीला साबण अंगावरून निघता निघत नव्हता, इतकं गोडं. फेब्रुवारीत जिभेला किंचित कळायला लागलं. मेमध्ये शाम्पूला फेस येईना, बायकोच्या केसांचा काथ्या झाला आणि चहाचं वर सांगितलंच. स्वयंपाकघरातल्या काकींना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मे म्हयन्यात पाणी असाच येता." त्यांना त्यात काही नवल नव्हतं.

कारण तसं साधं आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, कारण ते हलकं असतं. पावसाळ्यानंतर हा गोडा थर जाड असतो. मग सहा महिने प्रत्येक आवारातला पंप तो उपसत राहतो, वरून भर काही पडत नाही, आणि खालचं खारं पाणी वर चढतं. त्यात आमच्या रिसॉर्टला पोहायचा तलाव आहे, तोही विहिरीवरच भरतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर! माझी पोरं त्यातून बाहेर निघत नव्हती, त्यामुळं फार बोलायला तोंड नाही. पण तलाव भरला त्या संध्याकाळी आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली होती, हेही लिहून ठेवतो.

आम्हा कोल्हापूरकरांना पाण्याचं जरा जास्तच कळतं असं आम्हाला वाटतं. काळम्मावाडी धरणावरून टाकलेल्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३च्या दिवाळीत शहरात आलं तेव्हा आप्पांनी घरच्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं होतं. अशा माणसाला खारट चहा दिलात. त्यांना घेऊन मी त्याच दिवशी मालवण जेटीवरून होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. चारी बाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. बाव म्हणजे विहीर. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला. शिवराजेश्वराच्या मंदिरात हात जोडून झाल्यावर आप्पा साखरबावेपाशी बराच वेळ उभे होते. परत येताना होडीत एवढंच म्हणाले, "महाराजांनी आधी पाणी बघितलं असणार."

जेवणाबद्दल एकच तक्रार, आणि ती आमच्याच माणसाची. आप्पा पहिल्या रात्री तांबडा-पांढरा मागत होते. मिळालं कोंबडी-वडे. चेहरा पडला, पण वडे पाच खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून सोलकढी वाटीवर वाटी, पांढऱ्या रश्श्यासारखी. "नारळाचंच दूध की शेवटी." सुरमईची थाळी साडेचारशेला, तुकडा जाड, तव्यावरून थेट ताटात. नाश्त्याला घावणे-चटणी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या माशाच्या आशेनं जाऊ नका. फिरायच्या बोटी आणि पाण्यातले खेळही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहतात.

समुद्राबद्दल मात्र घरातल्या पोहणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मेहुणा पंचगंगेच्या घाटावरून उड्या मारत मोठा झालेला. फेब्रुवारीत ओहोटीला छातीएवढ्या पाण्यात गेला, बघता बघता तीस फूट आत, आणि हा किनाऱ्याकडं तोंड करून जीव तोडून हात मारतोय. नदी एकाच दिशेला नेते, तिचा अंदाज येतो. इथं लाटा किनाऱ्याकडं येताना दिसतात आणि मधल्याच एखाद्या पट्ट्यातून पाणी आत ओढत असतं. रिसॉर्टचा पोऱ्या शिट्ट्या मारत, हात आडवा करून ओरडत होता. तसा मेहुणा किनाऱ्याला समांतर पोहला, ओढीतून सुटला आणि पन्नास पावलं पलीकडं बाहेर आला. रात्री त्याला कुणी चिडवलं नाही, यावरून काय ते समजा. पोऱ्या सहा वाजता घरी जातो, त्यानंतर पाण्यात उतरू नका. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, आदल्या दिवशीची वेळ धरून बसू नका.

पैशाचं म्हणाल तर नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत खर्च वसूल वाटला. मेमध्ये भाडं दीडपट होतं, आणि त्याच महिन्यात पाणी सगळ्यात वाईट. पिण्याचे कॅन देतात, पण खोलीला दिवसाला एकच. सहा माणसांना तो दुपारपर्यंतही पुरला नाही. मालकांना सांगितलं तर त्यांनी काही न बोलता दुसरा पाठवला, बिलात मात्र लावला. बुकिंग करताना तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या: या महिन्यात विहीर कशी आहे, स्वयंपाकाला कुठलं पाणी वापरता आणि कॅन किती देता. माणूस अडखळला तर महिना बदला.

येत्या नोव्हेंबरचं बुकिंग केलंय, यंदा मागची खोली. तरी आप्पांनी डिकीत दोन कॅन घरचं पाणी टाकायला सांगितलंय. चहापुरतं.