चमॉड, पावसाळा ते संक्रांत: एरर खरा, पत्ता अर्धा

चमॉड म्हणजे लिनक्सवर फायली-फोल्डरांचे परवाने (कुणी वाचायचं, कुणी लिहायचं) बदलणारी कमांड; परवाने आकड्यांत द्यायचे. ७५५ काय, ६४४ काय, हे इथं सांगत बसत नाही. ज्याला लागतं त्याला माहीत असतं. शहापुरातलं आमचं डीटीपीचं दुकान विंडोजच्या लायसनचे पैसे वाचवायला लिनक्सवर आणलं. जुनी मशिनं, फुकटची सिस्टीम, खर्चाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती चमॉडच्या एका ओळीबद्दल.

'कॅनॉट ॲक्सेस, काम/गिऱ्हाईक/पतसंस्था/अहवाल.ओडीटी, परमिशन डिनाइड.'

वार्षिक सभेचा अहवाल छपाईला जायचा होता आणि पतसंस्थेचे सेक्रेटरी समोर खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. ही ओळ वाचून कुणीही अहवालाच्याच फाइलच्या मागं लागेल. फाइलला काही झालंच नव्हतं. अडलं होतं वरच्या 'गिऱ्हाईक' फोल्डरवर, त्याचं एक्स (आत शिरायचा परवाना) उडालेलं. फोल्डरचं एक्स नसलं की त्यातून पुढं कुणाला जाताच येत नाही. पण एररमध्ये नाव शेवटच्या फाइलचं! अहो, कुठल्या दारात अडवलं ते तरी सांगा की.

एक्स उडवलं कुणी? मेंटेनन्सचे पैसे घेणाऱ्या माणसानं. '-आर' (आतल्या सगळ्यासकट) लावून सगळीकडं ६४४, ज्यात एक्स कुणालाच नाही. तिथं आकड्याऐवजी मोठा (कॅपिटल) एक्स वापरला असता तर फोल्डरांचं एक्स टिकलं असतं आणि साध्या फायलींना ते चिकटलंही नसतं. फोन केला तर म्हणतो, "माझ्याकडं उघडालंय की ओ!" उघडणारच, सुडो लावून, म्हणजे रूट (सिस्टीमचा सर्वाधिकारी) होऊन बघतोय. रूटला हे परवाने आडवे येत नाहीत, मग एरर दिसणार कुठून? चमॉड ज्या संचात येतो त्या जीएनयू कोअरयुटिल्सच्या स्वतःच्या चाचण्यांतही काही चाचण्या रूट असेल तर वगळतात, त्या याच कारणानं. वर याला व्हिजिट चार्ज हवा होता.

चमॉडवरचा माझा राग मात्र पुढं निम्मा उतरला. कर्नल (सिस्टीमचा गाभा) त्याला फक्त एररचा आकडा देतो, १३. वाटेत कुठं अडलं हे चमॉडलाही कळत नाही, मग तो सांगणार काय? ते काम 'नेमआय -एल' करतो. पूर्ण पत्ता द्या, वरपासून एकेका फोल्डरचा मालक आणि परवाना ओळीनं दाखवतो. हे आधी माहीत असतं तर सेक्रेटरींना दुसरा चहा पाजावा लागला नसता.

'ऑपरेशन नॉट परमिटेड' ही तक्रार वेगळी, तिचा आकडा १. फाइलपर्यंत पोचलात, पण ती तुमची नाही. फाइलवर चॅटर कमांडचं 'आय' (बदलबंदीची खूण) लागलेलं असेल तर रूटलाही हेच उत्तर मिळतं. हा फरक चमॉड चोख पाळतो, त्याला पूर्ण मार्क.

स्क्रिप्टमध्ये एलसी-ऑल (भाषेचं सेटिंग) 'सी' ठेवलं की एररमधली आमची मराठी-कन्नड फाइलनावं अक्षरांऐवजी त्यांच्या कोडच्या आकड्यांत येतात. नाव ३४०, २४४ नं सुरू झालं की मराठी, ३४०, २६२ असलं की कन्नड. आमच्याकडं फॉर्म दोन्ही भाषांत, त्यामुळं हे पाठच झालंय.

इथवर चार स्टार देणार होतो. मग गिऱ्हाइकाचा एफएटी३२ (फायली साठवायची जुनी पद्धत) पेन ड्राइव्ह आला. पगारपत्रकाला ६०० (फक्त मालकानं वाचायचं-लिहायचं) दिलं. एरर नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे काम झालं. 'एलएस -एल' मारून यादी बघितली तर परवाने जसेच्या तसे! एफएटीमध्ये मालक-गट ठेवायला जागाच नाही हे मान्य. पण कर्नलचा ड्रायव्हर नकार न देता मान डोलावतो आणि चमॉड ती मान खरी धरतो. परत एकदा बघून घ्यायला काय जात होतं? अर्धा पत्ता देणारा एरर परवडला, हे गप्प बसणं नाही परवडत. दीड स्टार कापला, अडीच राहिले.

पगारपत्रकं आता पासवर्ड लावलेल्या झिपमधून जातात. मेंटेनन्सचं काँट्रॅक्ट यंदा वाढवलेलं नाही.