‘बोर्ड उडालाय’ सांगून घेतलेले १०,८०० रुपये

डोंबिवलीतल्या एका विद्यार्थ्यानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीच पीसी जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चा मायक्रो-एटीएक्स (लहान आकाराचा) मदरबोर्ड, ३२०० वेगाच्या ८-८ जीबीच्या दोन रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणारा डबा. सगळा माल पक्क्या बिलाचा. रात्री बटण दाबलं तर काहीच नाही. पंखा नाही, कॅबिनेटचा दिवा नाही, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उचलून घराजवळच्या दुकानात नेलं आणि तिथेच फसवणूक झाली.

दुकानदारानं पाच मिनिटांत निदान सांगितलं, ‘बोर्ड उडालाय, एसएमपीएसनं मारलाय.’ बिल झालं ते असं: बोर्ड ६,५००, एसएमपीएस २,८००, चेकिंग ५००, लेबर १,०००. मशीन चालू होऊन घरी आलं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मुलानं कंपनीकडे वॉरंटीत पाठवायला म्हणून जुना बोर्ड हट्टानं परत मागितला, तेव्हा सगळं उघडं पडलं. तो बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, एसएमपीएसची २४ पिन आणि ८ पिन केबल लावली, कॅबिनेटच्या बटणाची वायर जिथे लागते त्या पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि कूलरचा पंखा फिरायला लागला. बोर्ड पहिल्या दिवसापासून धडधाकट होता.

मूळ चूक त्या रात्री मित्राला पाठवलेल्या फोटोत स्पष्ट दिसते. बोर्डाच्या कडेचा बारीक स्टँडबाय दिवा पेटलेला आहे, म्हणजे एसएमपीएस जिवंत आहे आणि बोर्डापर्यंत ५ व्होल्ट पोचताहेत. ‘पॉवर एसडब्ल्यू’ लिहिलेला कनेक्टर मात्र एक ओळ खाली, ५ आणि ७ नंबरच्या पिनांवर बसलाय. त्या पिना रीसेटच्या. पॉवरच्या पिना ६ आणि ८. बंद मशीनचं रीसेट कितीही दाबलं तरी काही होणार नाही. दोन सेकंदांत सरकवायच्या वायरीसाठी १०,८०० रुपये गेले, आणि बोर्ड खरंच खराब असता तरी तो कंपनीच्या वॉरंटीत होता. नवा विकत घ्यायची गरजच नव्हती.

नुकसान एवढ्यावरच थांबलं नाही. ‘नव्या’ एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारली तर पात्यांवर धुळीची करडी रेघ दिसली. मुलाचा ब्राँझ एसएमपीएस दुकानातच राहिला, ‘स्क्रॅप’ म्हणून. रॅमही बदललेल्या होत्या. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग कमी दिसला म्हणून लगेच आरोप करू नका, कारण बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगानं चालवणारी सेटिंग, चालू नसेल तर ३२०० ची अस्सल रॅमही कमी वेगानं चालू शकते. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून एसपीडीच्या पानावर पार्ट नंबर पाहा आणि तो बिलाशी ताडा. इथे तो जुळला नाही.

ही फसवणूक ग्राहकाच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून तिची पद्धत ओळखायला हवी. दुकानदार फक्त २४ पिन केबल लावून मशीन चालू करतो. प्रोसेसरची ८ पिन केबल, जी ४+४ अशी दोन तुकड्यांत असते, लावतच नाही. बऱ्याच बोर्डांवर अशा वेळी पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते. ‘पाहा, बोर्ड डेड.’ दुसरा प्रकार ५६०० सारख्या प्रोसेसरचा. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड काढून एचडीएमआय बोर्डाच्या पोर्टला लावली की डिस्प्ले येणं शक्यच नाही. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरचंही तेच. मागायचं ते एवढंच: ‘८ पिन लावलेली दाखवा, आणि केबल कार्डाला लावा.’

खरं तर मशीन घराबाहेर काढायच्या आधी अर्धा तास द्या. एसएमपीएसच्या मागचा स्विच ‘I’ कडे आहे का, ते पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड सोडून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवर ११५/२३० असा लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपल्याकडची वीज दिली की फटाका वाजतो आणि एसएमपीएस खरोखर जातो. २४ पिन कनेक्टर कट्ट आवाज येईपर्यंत दाबा. नव्या बोर्डावर तो कडक जातो आणि घाबरून अर्धा सोडला जातो. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा एसएमपीएस असेल तर त्याच्याच खोक्यातल्या केबल वापरा. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, आणि दुसरीची केबल घट्ट बसली तरी डिस्क किंवा बोर्ड जाळू शकते.

मग बटणाची वायर काढून टाका आणि ६-८ पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवा. चालू झालं तर दोष बटणाचा किंवा वायरीचा. नाही झालं तर बोर्डावरचा सीमॉसचा जंपर (बायॉसच्या सेटिंग पुसायची छोटी टोपी) ‘क्लिअर’वर राहिलाय का बघा.

तरीही शांत असेल तर एसएमपीएस एकटा तपासा. प्लग काढलेला असताना २४ पिन कनेक्टरमधली हिरवी वायर (१६ नंबर) आणि शेजारची काळी यांच्यात पेपरक्लिप घाला, मग वीज द्या. काही मॉडेलांचा पंखा भार नसताना फिरत नाही, म्हणून मल्टिमीटर हवाच: पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. जांभळ्या वायरीवर क्लिप न घालताही ५ च्या आसपास मिळाले पाहिजेत. सगळ्या वायरी काळ्या असतील तर माहितीपुस्तिकेतला पिनांचा नकाशा समोर ठेवा. एसएमपीएस खोलू मात्र नका. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात.

बटण दाबल्यावर पंखा अर्धं वळण घेऊन थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. मायक्रो-एटीएक्स बोर्डाखाली एखादा जास्तीचा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो खुंटा) राहिला की तो पाठीला टेकतो. बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर आणि प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत एकच रॅम, एवढ्यावर चालवा. बाहेर चाललं तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणीत आहे.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, हा वेगळा आजार आहे आणि त्यात मशीन ‘डेड’ नसतं. बोर्डावरचे सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार दिवे असतील तर कोणता अडकून राहतो ते पाहा. जुना साठा असलेल्या बी४५० बोर्डावर ५००० मालिकेचा प्रोसेसर घेतला तर बायॉस अपडेट लागतो. डीडीआर५ रॅमच्या एएम५ मशीनला (एएमडीचं नवं सॉकेट) पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटंही लागतात. तेवढ्यात स्विच बंद करू नका.

एवढं करूनही दुकानात जावंच लागलं, तर आधी फोटो काढा: बोर्ड, रॅम, कार्ड, एसएमपीएस, एसएसडी यांचे सीरियल नंबर. प्रोसेसरचा नंबर कूलरखाली झाकला जातो, म्हणून तो बसवण्यापूर्वीच टिपा. नुसतं ‘एक सीपीयू मिळाला’ लिहिलेली पावती घेऊ नका. जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या कामाच्या पावतीवर, प्रत्येक भाग नंबरासह लिहून घ्या, ‘भाग बदलण्यापूर्वी विचारणे’ हेही, आणि बदललेले सगळे जुने भाग परत मागा. इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांत पिना सॉकेटमध्ये असतात. त्या वाकल्या की कंपनी ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून वॉरंटी नाकारते, म्हणून सॉकेटचा जवळून फोटो काढा आणि त्यावरचं प्लास्टिकचं झाकण फेकू नका.

फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानं काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. सोबत दोन्ही बिलं, जॉबशीट आणि सीरियल नंबरचे फोटो जोडा. त्या विद्यार्थ्याकडे बोर्डाचं खोकं आणि बोर्ड दोन्ही होते, म्हणून बोर्डाचे ६,५०० परत मिळाले. एसएमपीएसचा आणि रॅमचा सीरियल नंबर कुठेच लिहिलेला नव्हता, त्यामुळे ते भाग गेले ते गेलेच.